जर्मन, जपानी आणि टोपडं

अक्का, आधी कबूल करून टाकते. लातूरला आपल्या प्रेसमध्ये जर्मन ऑफसेट मशीन आली, तेव्हा तिच्या रुळांवरचं कापड मी कात्रीनं कापून काढलं आणि त्याचं महेशला टोपडं शिवलं. उरलेल्या कापडाची त्याच्या दुधाच्या बाटलीला गवसणी केली. कापड पांढरंशुभ्र, फलालीनसारखं मऊ, दोन्ही टोकांना दोऱ्यानं आवळून बांधलेलं. मला वाटलं, ट्रकमध्ये रुळांना मार लागू नये म्हणून दुकानदारानं गुंडाळून दिलंय. एवढं चांगलं कापड टाकून द्यायला मी काय वेडी होते?

होते. तेच तर सांगायला बसले आहे.

हे तुमच्या-माझ्याशिवाय आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तुमचा शिवराज वाचेल, त्याची बायको वाचेल, आणि आमचा महेश तर डोक्यालाच हात लावेल, कारण डोकं त्याचंच होतं. तुमच्या दिवसकार्याचं ठरवताना शिवराज परवा म्हणाला, "मामी, आईवर चार पानं लिहून द्या. गणाराधनेला पुस्तिका काढून राहिलो." तुमचा जन्म कुठला, नांदेडला सून म्हणून कधी आलात, प्रेस कशी वाढवली, ते सगळं तो मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला घालणार आहे. माझ्याकडून त्याला आठवणी पाहिजेत. मी म्हटलं, देते. मग तो चहाचा कप खाली ठेवत सहज बोलला, "नवी फोर कलर मशीन घ्यायची ठरली, मामी. जर्मनवाले येऊन गेले, जपानीवाले बी येऊन गेले. पण आता बघायचं काय राहिलं? आईचा शब्द होता. जपानीच."

मी चहा तसाच ठेवून उठले, अक्का. कारण आईचा शब्द काय होता, ते त्याला माहीत नाही. मला माहीत आहे. आणि तो मी कुणाला सांगायचा नाही, असं आपलं ठरलं होतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी आपल्या रीतीप्रमाणं तुम्हाला बैठकीत बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात झेंडूच्या माळा, पाठ ताठ. अगदी मशीनच्या डिलिव्हरीपाशी, छापलेला कागद बाहेर पडतो तिथं, उंच स्टुलावर बसायच्या तशा. गळ्यात शिवदारातलं लिंग होतं, पण दुसऱ्या दोऱ्यातलं भिंग कुणीतरी काढून ठेवलं होतं, त्यामुळं गळा उघडा उघडा वाटत होता. ते भिंग तुम्ही कशावर लावलं नाही! लग्नपत्रिकेवर, लुगड्याच्या काठावर, ज्वारीच्या दाण्यावर, एकदा तर माझ्या नव्या चष्म्याच्या काचेवर. मी समोर बसून वाटच बघत होते, की आत्ता हात पुढे होईल, शीट ओढाल आणि म्हणाल, "गिरजे, लाल सरकलाय."

तर शिवराजसाठी पहिल्यापासून सांगते.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. सगळ्या गावाला एकदम छापायचं सुचलं होतं! दूध संस्था, पतसंस्था, शाळा, वकील, बँडवाले, ज्याला त्याला लेटरहेडवरचं 'जि. उस्मानाबाद' काढून 'जि. लातूर' पाहिजे. आपल्या ट्रेडलवर, त्या जुन्या खिळे जुळवून छापायच्या मशीनवर, 'ल'चे खिळे झिजून गेले आणि 'उ'चे खिळे खणात निवांत झोपले. मी नुकतीच प्रेसमध्ये येऊ लागले होते. आधी घडी घालायला, मग पिना मारायला, मग प्रूफ बघायला. बाईमाणूस प्रेसमध्ये उभं राहतं हे गल्लीला नवं होतं. तुम्ही नांदेडला केव्हाच उभ्या होतात, पण तुम्ही तुम्ही होतात. मी म्हणजे अंगठ्याला शाई लागली की चारचौघांत मुद्दाम पदर सावरणारी, लोकांना दिसावी म्हणून. काय ठसका होता त्या गिरजेचा! आज भेटली तर मीच तिला मशीन पुसायला लावीन.

आणि पाऊस? जिल्ह्याची नवी पाटी लागली आणि पाऊस जो दडी मारून बसला तो बसलाच. विहिरी तळाला गेल्या. बोरचं पाणी एवढं जड, की डाळ शिजेना. टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची.

अशात नकाशाचं काम आलं. नव्या जिल्ह्याचा, शाळेच्या भिंतीवर टांगायचा, चार रंगांचा नकाशा. शाळा उघडायच्या आत पाहिजे. पुस्तकांच्या दुकानाचे मालक दारात उभे राहून म्हणाले, "जमत असंल तर हाव म्हणा. न्हाई तर सोलापूरला टाकतो." हे हिशोबात मान खाली घालून बसलेले. आतून मीच ओरडले, "हाव!"

ह्यांनी असं बघितलं माझ्याकडं! घरात एक ट्रेडल, आणि बायकोनं चार रंगांच्या नकाशाला हाव म्हटलेलं. पण शब्द गेला होता. ऑफसेट घ्यायची असं कधीचं चाललंच होतं, ते त्या एका 'हाव'नं ठरलं. प्रश्न राहिला, कुठली?

तुमच्याकडं तेव्हा छोटी जपानी येऊन वर्ष झालं होतं. मुखेडच्या, नायगावच्या लग्नपत्रिका तिच्यावर पळायच्या. तुम्ही तिचं कौतुक करायला लागलात की थांबायच्या नाहीत. "बटन दाबलं की निघाली. प्लेट बदलायची तर चहा उकळंस्तोर बदलून होती. पातळ कागद बी चुरगाळत न्हाई. धुवायला तर काय, भांडी घासल्यावानी." ह्यांनी ऑफसेट शिकली ती तुमच्या त्या जपानीवरच. म्हणजे आमच्या घरी जपानीच यायची होती. पण मी म्हटलं, जर्मन.

जर्मनबद्दल मला काय माहिती होतं? एवढंच, की ती तुमच्याकडं नव्हती.

हैदराबादला जुन्या मशिनींच्या गोदामात आपण तिघं गेलो, आठवतं? मला तर कालच्यासारखं आठवतं! हे मशिनींवर एक नजर टाकून ट्रकवाल्याशी बोलायला बाहेर गेले आणि आपण दोघी आत. चार मशिनी एका रांगेत. एक जर्मन, एक जपानी, एक झेक आणि एक देशी. पोरगी बघायला गेल्यासारख्या तुम्ही पुढं झालात. "चालवून दाखवा," म्हणालात. झेकच्या पोटाखाली वाकून बघितलंत. "हिच्या पायाशी तेल हाय. गळती हाय." देशीला चालवलं तर गोदामाचे पत्रे वाजायला लागले. तुम्ही कानावर हात ठेवून म्हणालात, "आवाजाला घाण हाय, पण गुणाची हाय. हिचा पार्ट तुटला तर आपल्या गावचा लेथवाला बी करून देतो. जर्मनचा तुटला तर?" मग जपानीला कडेनं थोपटलंत, घरच्या म्हशीला थोपटावं तसं.

आणि मी? दुकानदारानं चालत्या जर्मनच्या अंगावर रुपयाचं नाणं कडेवर उभं केलं. मशीन खालून सपसप कागद गिळतेय, आणि वर नाणं हलत नाही! मी बघतच राहिले. देवळात आरती चालू असल्यासारखे हात जोडायचेच बाकी होते. तुम्ही पलीकडच्या टोकाला तिच्या रुळांवरचं पांढरं कापड चिमटीत धरून दुकानदाराला काहीतरी विचारत होतात, साडीचा पोत बघावा तसं. माझ्या कानावर एवढंच आलं, "आमच्या जपानीला असले कपडेलत्ते लागत न्हाईत."

मला वाटलं, जळल्या! तेव्हाच जरा मान वळवून ऐकलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण माझी मान नाण्यापाशी अडकली होती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अक्का, नाणं उभं राहिलं!"

तुम्ही म्हणालात, "राहिलं ना. मग? तुला नाणं छापायचंय का नकाशा?"

भांडत भांडत आपण घरी आलो. तुम्ही जपानीची सोय सांगत होतात, मी जर्मनचं नाणं सांगत होते. मधल्या सीटवर हे डोळे मिटून. त्यांना झोप लागली नव्हती, मला माहीत आहे. शेवटी तेच म्हणाले, "नकाशाचा कागद मोठा हाय. अक्काच्या मशीनएवढी चालायची न्हाई, मोठी पाहिजे. अन् तिथली मोठी जपानी लई झिजलेली वाटली. जर्मन घेऊ." म्हणजे निर्णय त्यांनी कागदाच्या मापावर आणि मशीनच्या हालतीवर घेतला. मी मात्र आठवडाभर गल्लीत सांगत फिरले, की माझ्या एका बोलण्यावर जर्मन आली.

आली! क्रेन मिळेना, मग लाकडी ओंडक्यांवरून सरकवत, पंचवीस माणसांनी 'हर हर महादेव' करत आत घेतली. दुकानदाराचा मेकॅनिक आला, मशीन लेव्हलला बसवून गेला. वीज जोडून मिळाली की परत येतो म्हणाला, आणि त्याच्याच घरी लग्न निघालं. तेवढ्या मधल्या दिवसांत मी तिला 'साफ' केली. सिलिंडरवरचा तेलकट कागद काढला, ते बरोबर. कागद पकडणारे ग्रिपर पुसले, ते बरोबर. आणि रुळांचे कपडे उतरवले.

अक्का, शिवराजसाठी नाही, पण ज्याला ऑफसेट माहीत नाही त्याच्यासाठी एक वाक्य लिहू द्या. ऑफसेटमध्ये प्लेट सपाट असते, अक्षर वर आलेलं नसतं. कोऱ्या जागेनं पाणी धरायचं आणि अक्षरानं शाई धरायची, सगळा खेळ एवढाच. ते पाणी प्लेटला लावतात पाण्याचे रूळ, आणि जर्मनचे रूळ पाणी धरायचे त्या कापडात. तुमच्या छोट्या जपानीला तसले कपडे नव्हतेच, तिची पाण्याची तऱ्हाच निराळी. त्यामुळं ह्यांनाही उघडे रूळ बघून काही वावगं वाटलं नाही.

वीज आली, मेकॅनिक आला नाही, तेव्हा ह्यांनीच मशीन सुरू केली. पहिली शीट आली, काळी. दुसरी, काळी. जिल्हा नाही, तालुका नाही, नदी नाही, नुसती अमावास्या. हे पाणी वाढवायचे, मी ट्रेमध्ये तांब्या ओतायची. पाणी खाली गळायचं, प्लेट कोरडीच. दारात टँकरच्या रांगेतल्या बाया उभ्या. शेजारची काशीबाई मोठ्यानं म्हणाली, "बया! माणसाला प्यायला न्हाई अन् ही लोखंडाला पाणी पाजून राहिली!" आणि कडेवर महेश, डोक्याला पांढरंशुभ्र टोपडं, त्याच लोखंडाकडं बघून हसतोय.

हे खाली बसले. चिंधीला शाईचे हात पुसत राहिले. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. मी मात्र बोलत सुटले. मशीन खोटी निघाली, दुकानदारानं फसवलं, जर्मन जर्मन म्हणतात ते काही खरं नाही! ज्या तोंडानं नाणं सांगितलं होतं, त्याच तोंडानं. नकाशाचे मालक रोज सायकल थांबवून विचारायचे, "झालं का?" ह्यांचे थोरले चुलते बैठकीत बसून म्हणाले, "बाईला गल्ल्याच्या अलीकडं येऊ दिलं की असंच होतं." ते वाक्य माझ्या छातीत बसलं. कारण मला प्रेस आवडायला लागली होती, अक्का. शाईच्या वासानं सकाळी डोळा उघडायचा. नकाशा हुकला असता तर ट्रेडल राहिली असती, दुकान राहिलं असतं, पण मी पुन्हा स्वयंपाकघरात गेले असते, आणि या वेळी कायमची.

म्हणून महेशला घेतलं आणि नांदेडची बस धरली. मनात ठरवलं होतं, की तुमच्या पायाशी बसायचं, जपानी चांगली म्हणायचं, आणि तुमच्या ओळखीनं कुठं नकाशा छापून मिळतो का विचारायचं. अहमदपूरला बस थांबली तेव्हा एकदा वाटलं, उतरावं आणि परत जावं. जपानी चांगली म्हणायचं म्हणजे काय सोपं होतं!

तुमच्या प्रेसमध्ये शिरले. तुम्ही स्टुलावर. मी म्हटलं, "अक्का, जर्मन फसवी निघाली."

तुमच्या चेहऱ्यावर जे उजळलं ना! एवढ्या दिवसांचं भांडण जिंकल्याचं तेज. "मी म्हणलं होतं का न्हाई? म्हणलं होतं का न्हाई? नाणं! नाणं उभं करती! काय करून राहिली आता?"

"सगळं काळं छापती. पाणीच धरत न्हाई."

"आण, लेकराला इकडं आण, उन्हाचं दमलंय," म्हणत तुम्ही महेशला मांडीवर घेतलंत. डोक्यावरून हात फिरवलात. हात थांबला. टोपड्याची कड तुम्ही चिमटीत धरलीत, गोदामात धरली होती तशीच. मग गळ्यातलं भिंग काढून टोपड्यावर लावलंत. लेकराच्या टोपड्यावर भिंग! मी बघतेय, तुम्ही बघताय. मग बाटलीची गवसणी उचलून तिलाही भिंग लावलंत.

"गिरजे," तुम्ही अगदी हळू विचारलंत, "हे कापड कुठलं गं?"

मी सांगितलं. अभिमानानं सांगितलं! वाया जाऊ दिलं नाही म्हणून.

तुम्ही हसायला लागलात ते स्टुलावरून उतरूनच हसावं लागलं. भिंतीला धरून. डोळ्यांतून पाणी. मशीन चालवणारा बिचारा मशीन बंद करून धावत आला, काही झालं की काय म्हणून, त्याला हातानंच परत लावलंत. महेशही हसायला लागला. मला कळेना काय झालंय. मग तुम्ही पदरानं डोळे पुसत पुसत एकेक शब्द सांगितलात, आणि माझ्या पायाखालचं सगळं नांदेड सरकलं.

मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "रडू नको. रडायला पाणी कुठं हाय लातूरला?"

आणि उठलात. थांबायचं तुम्हाला माहीतच नव्हतं! दुकानातून जाड फलालीन आणवलंत. माझ्याकडून मशीनच्या रुळाचं माप विचारलंत, तर मला कुठलं माहीत? मग महेशच्या डोक्यावरचं टोपडं उसवून, गवसणी उसवून, तुकडे जोडून, त्यावरून माप काढलंत. शिलाई मशीनवर बसलात आणि कापडाच्या लांब नळ्या शिवल्या. दुसऱ्या दिवशी आपण बसमध्ये. तुमच्या मांडीवर रुळांचे कपडे, माझ्या मांडीवर उघड्या डोक्याचं लेकरू.

लातूरला येईपर्यंत मी एकच विचार करत होते. आता अक्का ह्यांना सांगणार. का नाही सांगणार? तुमच्या हातात सगळंच होतं. नुसतं भावाला हाक मारून म्हणायचं, बसू, तुझ्या बायकोनं मशीन नागडी केली. नाहीतर तेही नको, एवढंच म्हणायचं, जर्मन वाईट, मी सांगितलं होतं. जन्मभराचं भांडण तिथंच जिंकला असतात.

तुम्ही चप्पल काढली, हात-पाय धुवायला पाणी नको म्हणालात, आणि सरळ मशीनपाशी गेलात. झबलं घालावं तसे एकेका रुळाला कपडे घातले, टोकं आवळून बांधली. ट्रेमधलं बोरचं पाणी ओतून काशीबाईच्या कळशीत घातलंत, आणि नांदेडहून आणलेल्या कॅनमधलं पाणी भरलंत. मग ह्यांच्याकडं वळून म्हणालात, "बसू, मशीनला नावं ठेवू नको. मशीन लाखात एक हाय. पाणी जड हाय तुमचं. दुष्काळानं माणूस नासतं, मग पाणी नासणार न्हाई? जड पाण्याला कपडा लागतो." आणि सगळ्यात वर, थोरले चुलते दारात उभे असताना, "अन् ही मशीन गिरजालाच सांभाळू दे. तिच्या हाताला कळतंय."

अक्का! माझ्या हाताला! ज्या हातानं कात्री चालवली त्या हाताला!

मग नकाशा निघाला. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी काळा. एकाच रंगाची मशीन, म्हणजे तोच कागद पुन्हा पुन्हा घालायचा, आणि दर खेपेला तो केसभरही न सरकता तिथंच बसला पाहिजे. पिवळ्यात नुसते डाग. लाल आला तसे तालुके वेगळे झाले. निळा आला आणि मांजरा नदी, बाहेर कोरडी ठणठणीत पडलेली मांजरा, कागदावर ओली होऊन वाहायला लागली! काळा आला आणि जिल्ह्याच्या हद्दीची रेघ नदीच्या, रस्त्याच्या, रंगाच्या कडेला अशी चपखल बसली, की मी ओरडलेच. तुम्ही भिंग लावून उदगीरपाशी वाकलात. किती वेळ वाकलात! मी विचारलं, "काय बघता?" म्हणालात, "उदगीर कर्नाटकात तर गेलं न्हाई ना, ते बघून राहिले." ह्यांना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. दारातल्या बाया आत आल्या. काशीबाई स्वतःचं माहेर शोधत बोट फिरवायला लागली, तर मी म्हटलं, "ओलंय, बोट लावू नको," आणि तिनं लावलंच. तिच्या बोटावर जिल्हा उमटला.

त्या दिवसापासून मी मशीनवरून उतरले नाही. ह्यांच्या मागं प्रेस मीच चालवली, आता महेश चालवतो. हे टोपड्याचं न कळताच गेले. आता तिकडं तुमची भेट झाली असेल. सांगितलं नसेल ना? सांगितलंत तरी चालेल. आता मीच छापून राहिले.

आपलं भांडण मात्र तसंच चालू राहिलं. लग्नात, बारशात, सुतकातसुद्धा. दिवाळीनंतर मी कॅलेंडरची गुंडाळी काखेत मारून नांदेडला यायची, आणि तुम्ही त्यावरच्या पार्वतीच्या कानातल्या झुब्यावर भिंग लावून म्हणायच्या, "झुबा कानात न्हाई, गालावर हाय. जर्मन ना!" मग तुमची लग्नपत्रिका मी उलटीसुलटी करून म्हणायची, "अक्षर कसं बारीक मिशीवानी! जपानी ना!" मशिनी बदलल्या, कॉम्प्युटर आले, पाण्याचे कापडी रूळ गेले. कंपन्याही एकमेकींच्या युक्त्या उचलून सारख्या झाल्या. खरं सांगायचं तर आज कुठलीही घ्या, चालवणारा हात आणि हाकेला येणारा मेकॅनिक बघून घ्या. पण आपण हटलो नाही. पोरं कंटाळून उठून जायची. सुना चहा ठेवून जायच्या. शेवटच्या खेपेला तुम्हाला बोलवत नव्हतं, तरी मी कॅलेंडर उघडलं तर बोटानं झुब्यावर खूण केलीत.

आभार मानायचे राहिले, अक्का. मानले असते तर तुम्ही मला हाकललंच असतं.

आणि आता शिवराज. तुमच्या नावानं, तुमचा शब्द म्हणून, तो डोळे मिटून जपानी घ्यायला निघाला आहे. घेऊ दे, चांगली असेल तर. पण आईनं सांगितलं म्हणून नको. दोन्ही चालवून बघू दे, रंगावर रंग बसतो का ते भिंगानं बघू दे. म्हणून मी ठरवलं, आधी माझं गुपित सांगायचं, म्हणजे तुमचं सांगायला तोंड राहील. शिवाय गंमत बघा, ही पुस्तिका तुमच्याच प्रेसमध्ये, तुमच्याच जपानीवर छापणार आहेत. तिच्याच पोटातून हे बाहेर पडणार! प्रूफ शिवराजच बघेल. शिवराज, इथून पुढं एक अक्षर गाळायचं नाही.

नकाशे बांधून गेले, त्या दिवशी मी तुमच्या आईला लातूरच्या स्टँडवर सोडायला गेले होते. बस भरली होती. त्या खिडकीत बसल्या. मी खाली उभी, कडेवर महेश, त्याच्या डोक्याला काही नाही. मी म्हटलं, "अक्का, टोपड्याचं कुणाला बोलू नका." त्यांनी इकडं तिकडं बघितलं. गाडी सुरू झाली होती. खिडकीतून वाकून, माझा कान धरून, त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं असं:

"न्हाई बोलत. पण तू बी माझं बोलू नको. गिरजे, जर्मनच एक नंबर हाय, मी उदगीरपाशी भिंग लावलं तवाच कळलं मला. तरी मी मरंस्तोर जपानीच म्हणणार, अन् तू बी जर्मन सोडायची न्हाई. भांडण मिटलं तर तू नांदेडला कामून येशील गं?"